पाटीवर काय लिहायचं?

काका, नमस्कार.
मी २६ वर्षांची, नाशिकचीच. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि गेली अडीच वर्षं अंबडच्या एका प्रयोगशाळेसाठी कारखान्यांतून हवेचे आणि सांडपाण्याचे नमुने घेते. शाळेपासूनची माझी मैत्रीण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पुरातत्त्वात एम.ए. करून आली आहे. दोघींनी मिळून कॉलेज रोडला छोटं ऑफिस घ्यायचं आणि 'पर्यावरण व पुरातत्त्व सल्लागार' अशी पाटी लावायची, असा बेत आहे. पण परवाना कुठून काढायचा तेच कळत नाही. एक जण म्हणतो, असा परवानाच नसतो. व्हॉट्सॲपवर तर 'तीन दिवसांत सर्टिफाइड ईआयए कन्सल्टंट, फी १८ हजार' अशी जाहिरात फिरतेय (ईआयए म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्याचं मूल्यमापन). परगावच्या एका फर्मने मला त्यांच्या पॅनेलवर बोलावलंय. महिना ८ हजार, 'काम काही नाही, रिपोर्ट आला की सही करायची'. मी डिग्रीची झेरॉक्स पाठवूनही दिली. मैत्रिणीला सिन्नरकडच्या एका प्लॉटिंगवाल्याचा फोन आला. जेसीबी लावताना एक कोरीव दगड आणि मडक्यात काही नाणी निघालीत, गुपचूप येऊन बघून जा, पैसे देतो, म्हणाला. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो, आधी रजिस्ट्रेशन करा. बाबा म्हणतात, एमपीएससी कर. आम्ही काय करावं?
— गंगापूर रोडवरची एक वाचक

काका म्हणालीस, म्हणून 'तू'च म्हणतो.

पाटी राहू दे. आधी ती झेरॉक्स. आज रात्रीच त्या फर्मला ईमेल कर: 'माझी शैक्षणिक कागदपत्रं केवळ माहितीसाठी पाठवली होती. माझं नाव, पदवी किंवा सही कोणत्याही अर्जात वा अहवालात माझ्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. आतापर्यंत वापरली असल्यास कुठे, ते कळवावं.' एवढंच. रागाचा शब्द नको, खुलासाही नको. फोनवर बोलून मोकळी होऊ नकोस, फोनचा पुरावा राहत नाही.

एवढी घाई का, ते माझ्याच फजितीतून सांगतो. माझी या धंद्यातली सुरुवातीची वर्षं. मोठ्या प्रकल्पांना लागणाऱ्या पर्यावरणीय मंजुरीची पहिली अधिसूचना १९९४ ची, आणि त्यासाठीचा ईआयए अहवाल कोणी लिहायचा याला तेव्हा काही धरबंध नव्हता. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि स्पायरल बाइंडिंगचं मशीन, तो सल्लागार. एका फर्मने माझं नाव वनस्पतींच्या प्रकरणाखाली टाकलं. मला पैशांची गरज होती, मी हो म्हटलं. पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या एका खाणीची जनसुनावणी लागली आणि मला खुर्चीत बसवलं. समोरून एक म्हातारे शेतकरी उठले. हातात अहवालाची मराठी प्रत. म्हणाले, "साहेब, यात लिवलंय गावाच्या शिवारात तिवर हाय. कुठल्या बांधावर हाय, दाखवता का?" तिवर म्हणजे खारफुटी. कोकणातल्या कुठल्या तरी प्रकल्पाचं पान उचलून नाशिकच्या माळावर डकवलं होतं, आणि त्याखाली माझं नाव. मंडप हसला. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, पण म्हातारे हसले नाहीत. ते उत्तराची वाट बघत उभेच राहिले.

असल्या अहवालांचा सुळसुळाट झाला म्हणून तर नॅबेट आलं. भारतीय गुणवत्ता परिषदेची ही मान्यता देणारी शाखा. २००६ च्या सप्टेंबरमध्ये ईआयएची नवी अधिसूचना निघाली, आणि २००९ च्या डिसेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कळवलं की यापुढे मंजुरीसाठीचा अहवाल मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेकडूनच यायला हवा. यातला 'संस्था' हा शब्द पाठ कर. मान्यता माणसाला मिळत नाही, संस्थेला मिळते. तीही ठरावीक क्षेत्रांपुरती (खाणी वेगळ्या, बांधकाम वेगळं, रसायनं वेगळी) आणि ठरावीक मुदतीची. संस्थेत एक ईआयए समन्वयक असतो आणि त्याच्या हाताखाली विषयांचे तज्ज्ञ, ज्यांना धंद्यात एफएई म्हणतात. हवा, पाणी, घनकचरा, आवाज, जमीनवापर, भूजल, भूशास्त्र, मृदा, जैवविविधता, समाज-अर्थ, हवेचं मॉडेलिंग आणि धोक्याचं मूल्यमापन असे बारा विषय. प्रत्येक तज्ज्ञाची पदवी, अनुभव, केलेलं काम तपासूनच त्याचं नाव यादीत चढतं.

म्हणजे ती १८ हजारांची जाहिरात निकालात निघाली. कोर्स करू नकोस असं नाही, शिकायला काही मिळत असेल तर जरूर कर. पण तीन दिवसांनी तुला कोणी 'सर्टिफाइड ईआयए कन्सल्टंट' करू शकत नाही, कारण तसं व्यक्तिगत पदच नाही. ते पैसे दुर्बीण आणि चांगले बूट घ्यायला ठेव.

आता तुला आलेला निरोप. पॅनेलवरचा तज्ज्ञ असणं हे मुळात गैर नाही. समन्वयक संस्थेतलाच लागतो, पण काही विषयांचे तज्ज्ञ बाहेरून घेता येतात आणि चांगल्या संस्था घेतात. गैर आहे ते 'काम काही नाही' हे वाक्य. अहवालाच्या सुरुवातीला प्रत्येक तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र असतं. त्यात त्याचा विषय, सहभागाचा कालावधी आणि त्याने नेमकं काय केलं, हे लिहून खाली सही असते. तू साइटवर पाऊल न टाकता तिथे सही केलीस, तर ते खोटं तुझ्या हस्ताक्षरात राहणार. २००६ च्या अधिसूचनेतच म्हटलंय की मुद्दाम लपवलेली किंवा खोटी माहिती सापडली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द करता येते. कोटींचा प्रकल्प अडकल्यावर मालक कोणाकडे बोट दाखवेल? ८ हजारवालीकडेच.

त्यांनी फोन केला तर तीन गोष्टी विचार. साइटला मी स्वतः जाणार का? माझ्या नोंदी जशाच्या तशा अहवालात जाणार का? सहीपूर्वी अंतिम प्रत मला वाचायला मिळणार का? तिन्हींना हो आलं तर ८ हजार कमी आहेत, जास्त माग. एकालाही 'बघू' आलं तर नमस्कार कर.

खरं सांगू का, अडीच वर्षांच्या अनुभवावर तज्ज्ञ म्हणून नाव चढवायची घाई तू स्वतःही करू नकोस. एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत तज्ज्ञाची सहायक म्हणून, त्यांच्या भाषेत एफएए म्हणून, चिकटता आलं तर बघ. तुला नमुने घेता येतात, ही मोठी जमेची बाजू आहे. लिहिणारे ढिगाने मिळतात, भर उन्हात स्टॅकवर, म्हणजे धुराड्यावर, चढणारे मिळत नाहीत. आणि ऋतू शिकून घे. आधारभूत माहिती साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूची घेतात. नांदूर मध्यमेश्वरच्या आसपासच्या प्रकल्पाचं पक्षी-सर्वेक्षण कोणी एप्रिलच्या अखेरीस उरकलं, तर कागदावर ते नियमात बसेलही. पण महाराष्ट्राची पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा ज्या हिवाळी पाहुण्यांसाठी ओळखली जाते, ते तेव्हा परत गेलेले असतात. हे तुला नाशिककर म्हणून ठाऊक आहे. दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञाला ते कोणीतरी सांगावं लागतं.

मग मान्यतेशिवाय दोघींनी उपाशी बसायचं का? मुळीच नाही. तुझा 'एक जण' अर्धं बरोबर बोलला. मोठ्या प्रकल्पांची मंजुरी हा या धंद्याचा कळस झाला, त्याखाली सगळी रोजची भाजी-भाकरी आहे आणि तिला नॅबेट लागत नाही. सातपूर, अंबड, मुसळगाव, माळेगाव, या पट्ट्यात शेकडो छोटे कारखाने आहेत. प्लेटिंगवाले, पावडर कोटिंगवाले, फाउंड्री, वाइनरी. त्यातल्या बहुतेकांना पाण्याच्या १९७४ च्या आणि हवेच्या १९८१ च्या कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कन्सेंट, लागतं. आधी उभारणीचं, मग चालवण्याचं, मग नूतनीकरण. अर्ज मालकाच्या नावाने जातो, जबाबदारी मालकाची. तो भरायला मदत करणाऱ्याला परवाना लागत नाही, डोकं लागतं.

वर्षाचं कॅलेंडर तर तुझ्यासाठीच आखलंय. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत. पर्यावरण विवरणपत्र, ज्याला सगळे फॉर्म पाच म्हणतात, ते ३० सप्टेंबरपर्यंत. ज्यांना मोठी मंजुरी मिळालेली आहे त्यांचा सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे अटी पाळल्याचा हिशेब, १ जूनला आणि १ डिसेंबरला. मालकांना या तारखा नोटीस आल्यावर आठवतात. तू आधी आठवण करून दिलीस की पाच कारखाने आयुष्यभर तुझे. दोन पथ्यं मात्र पाळ. मंडळाच्या पोर्टलचा पासवर्ड मालकाकडेच राहू दे. आणि तपासणीचे आकडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या सही-शिक्क्याच्या अहवालातूनच घे, स्वतःच्या एक्सेलमधून कधीच नाही. 'मागच्या वेळचे टाका ना मॅडम' असं म्हणणारे भेटतील. चहा पिऊन निघून यायचं.

एका नव्या गोष्टीकडे डोळा ठेव. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले. त्यात प्रमाणित आणि मग नोंदणीकृत लेखापरीक्षक अशी पायरी आहे, आणि प्रमाणपत्रासाठी पूर्वानुभव किंवा परीक्षा असे दोन मार्ग. इथे मात्र प्रमाणपत्र माणसाला मिळतं. माझ्या उमेदीत असं काही असतं तर मी नक्की बसलो असतो. पण जो लेखापरीक्षक तोच त्या कारखान्याचा सल्लागार, हे जमणार नाही. दोन्हींतलं एक निवडावं लागेल, त्याचा विचार आत्ताच सुरू कर.

आता मैत्रीण. तिला हे वाचायला दे, कारण तिची वाट तुझ्याहून अरुंद आहे.

आपल्याकडे 'परवानाधारक पुरातत्त्वज्ञ' असा प्राणी नाही. उत्खननाची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. ती विद्यापीठं, संशोधन संस्था, राज्यांची खाती यांच्या प्रस्तावाला, त्या ठिकाणापुरती आणि त्या हंगामापुरती. केंद्रीय पुरातत्त्व सल्लागार मंडळाची समिती प्रस्ताव बघते. परवानगीत उत्खनन-संचालकाचं नाव असतं आणि खणलेल्याचा अहवाल द्यायची बांधिलकीही त्याचीच. कॉलेज रोडच्या दोन खोल्यांच्या फर्मला ती मिळायची नाही, आणि मिळूही नये असं माझं मत आहे. खणणं म्हणजे एकदाच वाचता येणारं पान फाडून वाचणं. पुरातत्त्वज्ञ संकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये आपल्या नाशकात खणलं, ते डेक्कन कॉलेजच्या छत्राखाली, आणि १९५५ मध्ये त्याचा रीतसर अहवाल छापला. म्हणून आज तिथल्या मातीच्या गढीखाली काय होतं ते आपल्याला सांगता येतं. नाहीतर तो नुसता खड्डा उरला असता.

आतेभाऊ चुकीचं बोलत नाही, तो तिकडचं बोलतोय. अमेरिकेत १९६६ च्या वारसा कायद्याच्या कलम १०६ मुळे केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी जिथे लागते तिथे आधी वारसा बघावाच लागतो. म्हणून तिथे खासगी पुरातत्त्व फर्म जगतात, पात्रतेचे निकष ठरलेले आहेत, आणि ॲरिझोनासारख्या राज्यात सरकारी जमिनीवर पाहणी करायलाही तिथल्या राज्य संग्रहालयाची परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे सरसकट प्रत्येक प्रकल्पाला लागू असं कलम नाही. ईआयएच्या त्या बारा विषयांतही पुरातत्त्व नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

पण एक फट आहे. २००६ च्या अधिसूचनेतल्या फॉर्म एकमध्ये संवेदनशीलतेचा तक्ता आहे. पंधरा किलोमीटर हवाई अंतरात निसर्ग किंवा संस्कृतीच्या दृष्टीने संरक्षित असं काय काय येतं, ते त्यात लिहायचं असतं. बहुतेक जण तिथे 'निरंक' लिहून पुढे जातात. मुसळगावच्या प्रकल्पाने निरंक लिहिलं तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर कुठे गेलं? अंबडच्याने लिहिलं तर पांडवलेणी? हा तक्ता नीट भरून, नकाशावर अंतरं मोजून, फोटो आणि संदर्भ जोडून देणारी मुलगी कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेला हवीच असते, फक्त अशी कोणी असते हे त्यांना माहीत नसतं. तुम्ही दोघी एकत्र येण्यात अर्थ आहे तो इथे.

दुसरं काम सीमांचं. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित. हद्दीपासून म्हणजे संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून, देवळाच्या भिंतीपासून नव्हे. या एका चुकीपायी लोकांचे प्लॅन वर्षानुवर्षं अडकतात. शंभरच्या आत नवं बांधकाम नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. पुढच्या दोनशेत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची एनओसी लागते. त्र्यंबकला, अंजनेरीला, सिन्नरला, अणकाईला हा प्रश्न घराघरात आहे. सिंहस्थ जवळ आला की त्र्यंबकमध्ये ज्याला त्याला एक मजला चढवायचा असतो. त्यांना आधी खरं अंतर सांगणारं आणि मग कागद नीट लावून देणारं माणूस हवंय. मोजणी अधिकृत यंत्रणेकडून, आराखडा नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून, आणि स्मारकाची बाजू समजावणारी तुझी मैत्रीण. राज्य-संरक्षित वास्तूंचा कायदा वेगळा, १९६० चा. त्याच्या चौकशीला सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात एक चक्कर मारावी, निदान वाडा तरी बघून होईल.

राहिला प्लॉटिंगवाला. तिने जाऊ नये. फोनवरही 'कोणत्या काळातलं' वगैरे काही बोलू नये, व्हॉट्सॲपवर फोटो मागवू नयेत. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! तेव्हा ती रक्कम होती, आज मडक्याचं खापरही त्यात मोडेल. न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, आणि त्याला साथ देणाऱ्या मालकालाही. शंभर वर्षांपलीकडची नाणी आणि शिल्पं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालीही येतात. 'गुपचूप' बघायला गेलेली पुरातत्त्वाची पदवीधर उद्या साक्षीदार ठरेल की सामील, हे पोलीस ठरवणार.

आणि कायदा घटकाभर बाजूला ठेव. १९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. नहपान क्षत्रपाची नाणी, आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. पांडवलेण्यात त्याची आई गौतमी बलश्री कोरून ठेवते की माझ्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्याच घराण्याचा, वंश नामशेष केला. तिच्या शब्दाला पुरावा मिळाला तो त्या साठ्यातून. कोणी ते आधीच सोनाराकडे वितळवलं असतं तर?

म्हणून तिने त्या माणसाला एकच सांगावं: खोदकाम तिथेच थांबवा, दगड हलवू नका, नाणी धुऊ नका, तहसीलदारांकडे जाऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, अर्ज लिहायला मी मदत करते. बहुधा तो परत फोन करणार नाही. केलाच, तर अर्ज लिहून द्यायचे पैसे मात्र घेऊ नका.

बाबांशी भांडू नकोस. प्रदूषण मंडळात आणि पुरातत्त्व संचालनालयात माणसं लागतात, जाहिराती निघतात, वयाची मर्यादा असते. दोन वर्षं धंदा करता करता परीक्षा देता येते. उलट धंदा करणाऱ्याला त्यातले नियम तोंडपाठ असतात. कॉलेज रोडचं भाडं मात्र त्यांना सांगूही नकोस, कारण ते ऑफिस घ्यायचंच नाहीये. तुझे ग्राहक तिथे कॉफी प्यायला येतात, कन्सेंट काढायला नाही. अंबडला एखाद्या ओळखीच्याच्या शेडमध्ये टेबल मिळालं तरी पुरे.

पाटीवर 'सल्लागार' नको. 'पर्यावरण परवानग्या व अनुपालन' असं तुझ्या नावाखाली, 'वारसास्थळ नोंद व दस्तऐवज' असं तिच्या नावाखाली. खाली दोघींच्या पदव्या, ज्या आहेत तेवढ्याच. आणि पाटी रंगवायला टाकण्याआधी तो ईमेल गेला का, ते मला कळव.